पटावरची मुलं: कॅनडातल्या निवासी शाळा आणि डॉक्टर ब्राइस यांचा अहवाल

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



पत्रिकेवर आजचा विषय 'शाळा आणि वंशभेद' असा छापला आहे. एवढा विषय तासाभरात काही मावायचा नाही. म्हणून मी एकच देश घेणार आहे, कॅनडा, आणि त्या देशातल्या एकाच तऱ्हेच्या शाळा. कॅनडा अशासाठी, की आपल्या मनात तो सभ्य, थंड आणि शांत देश आहे. आज इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं कोणी ना कोणी ब्रॅम्प्टनला नाहीतर मिसिसागाला असेल. त्यांच्या घरातली नातवंडं 30 सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालून शाळेत जातात. व्हिडिओ कॉलवर आजी विचारते, आज काय गं, गणवेश बदलला का? तर त्या शर्टामागे काय आहे, ते आज बघू.

आधी एक शब्द मोकळा करून घेऊ, नाहीतर पुढे घोटाळा होईल. कॅनडाच्या कायद्यात 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे. कोलंबस निघाला होता आपल्याकडे यायला, पोचला भलतीकडे, आणि तिथल्या माणसांना त्याने आपलं नाव चिकटवलं. ते पाचशे वर्षं चिकटून आहे. आज ते लोक स्वतःला फर्स्ट नेशन्स म्हणतात. त्याशिवाय उत्तरेचे इन्युइट आणि मिश्र वंशाचे मेटी. क्री, ओजिब्वे, मोहॉक, डेने, मिगमॉ असे किती तरी समाज यात येतात, आणि त्यांच्या भाषा एकमेकांपासून मराठी आणि तमिळ यांच्याइतक्या लांब असू शकतात. मी 'मूलनिवासी' हा शब्द वापरतो. कायद्याचं नाव सांगताना मात्र 'इंडियन' म्हणावंच लागेल, कारण कायदा तसाच लिहिलेला आहे आणि आजही त्याच नावाने लागू आहे.

हा इंडियन ॲक्ट 1876 चा. कोण इंडियन, कोण नाही, हे त्यात सरकारने ठरवलं. त्यातलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. एखाद्या इंडियन माणसाने विद्यापीठाची पदवी मिळवली, डॉक्टर झाला, वकील झाला, तर तो आपोआप 'नागरिक' होणार, म्हणजे कायद्याने इंडियन राहणारच नाही. बढतीसारखं दिसतं हे, नाही का? पण त्यामागचं गृहीत बघा. शिकलेला माणूस आणि इंडियन माणूस या दोन गोष्टी एका अंगात राहूच शकत नाहीत, असं कायदाच म्हणतो आहे. शाळांची सगळी गोष्ट या गृहीतातून निघते.

आता, या लोकांना शिक्षण नको होतं का? अजिबात नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'त्यांना शिकायचंच नव्हतं, मग सक्ती करावी लागली' असं अजूनही ऐकू येतं. 1871 पासून ब्रिटिश राणीच्या नावाने मूलनिवासींशी क्रमाक्रमाने करार झाले. बायसन संपत चालले होते, गोऱ्या वसाहती पसरत होत्या, आणि पुढे नांगर आणि कागद यांच्यावर जगावं लागणार हे तिथल्या प्रमुखांना कळत होतं. म्हणून करार करताना त्यांनी शाळा मागितली, आणि आपल्या वस्तीत शाळा देण्याचं वचन करारांत आलं. संध्याकाळी मूल घरी येईल अशी शाळा त्यांना हवी होती.

सरकारला नेमकं तेच नको होतं. 1879 साली निकोलस फ्लड डेव्हिन नावाच्या गृहस्थांना अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या शाळा बघायला पाठवलं. ते बघून आले आणि निवासी औद्योगिक शाळांची शिफारस केली. 1883 मध्ये पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांनी संसदेत जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा: शाळा वस्तीत असली तर मूल आपल्या रानटी आईबापांपाशी राहतं, लिहायला-वाचायला शिकलं तरी आतून रानटीच राहतं, तेव्हा मुलांना आईबापांपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्यावं. हे चोरून लिहिलेलं नाही, संसदेच्या कामकाजात आहे. त्याच सुमाराला बॅटलफर्ड, क्वापेल, हाय रिव्हर इथल्या शाळा सुरू झाल्या. पैसा सरकारचा, चालवणार चर्च: कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन. पुढच्या शंभरएक वर्षांत सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. शेवटची शाळा बंद झाली 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे आपल्याकडे केबल टीव्ही घरोघरी आला होता तेव्हा.

मूल शाळेत आलं की पहिल्या दिवशी काय व्हायचं, हे शेकडो जणांनी जवळजवळ एकाच क्रमाने सांगितलं आहे. केस कापायचे. अंगावरचे कपडे काढून घ्यायचे. नवं नाव द्यायचं, चार्ली, मेरी, जॉन असलं काही, आणि बरोबर एक नंबर. कपड्यावर तोच नंबर, हजेरीला तोच नंबर. भाऊ-बहीण एकाच शाळेत असले तरी मुलांची बाजू वेगळी, मुलींची वेगळी. बहिणीशी बोलायची सोय नाही. आणि आपली भाषा बोलली तर शिक्षा. सहा-सात वर्षांचं मूल, त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, आणि जे येतं ते बोलायचं नाही. म्हणजे त्याने करायचं काय? गप्प बसायचं. मोठेपणी अनेकांनी सांगितलं, की त्या शाळेत आम्ही गप्प बसायला शिकलो.

तो नारिंगी शर्ट इथला. 1973 साली ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेक गावाजवळच्या निवासी शाळेत फिलिस वेबस्टॅड नावाची सहा वर्षांची मुलगी दाखल झाली. आजीने तिला शाळेसाठी नवा नारिंगी शर्ट घेऊन दिला होता. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत दिला नाही. त्यांनी ही आठवण सांगितली, आणि 2013 पासून 30 सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालायची पद्धत पडली.

शिकवायचे काय? बरीच वर्षं अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम अशी पद्धत होती. मुलांनी शेत, गोठा, लाकूडतोड बघायची. मुलींनी धुणं, शिवण, स्वयंपाक. याला धंदेशिक्षण म्हणत. खरं तर त्या श्रमांवरच शाळा चालायची. 1930 च्या सुमारास तीन चतुर्थांश मुलं पहिली ते तिसरीतच होती. सहावीच्या पुढे जाणारी शंभरात तीन. इतकी वर्षं मूल शाळेत ठेवायचं आणि तिसरीत ठेवायचं! कारण वर्गात जो शिकवायला उभा आहे त्याच्या मनात आधीच ठरलेलं आहे, की याने मोठेपणी गड्याचं नाहीतर मोलकरणीचं काम करायचं आहे.

इथपर्यंत ऐकून वाटेल, की वाईट शिक्षक, कठोर पाद्री, यांची ही गोष्ट आहे. तसे लोक होतेच. मुलांवर शारीरिक आणि लैंगिक अत्याचार झाले, त्यांचे खटले झाले, शिक्षा झाल्या. पण उलटही सांगितलं पाहिजे: काही जणांनी चांगल्या शिक्षकांच्या, हॉकीच्या, बँडच्या आठवणी सांगितल्या आहेत. माझं लक्ष जातं ते दुसरीकडे, हिशेबाच्या वहीकडे.

1892 पासून या शाळांना दरडोई अनुदान सुरू झालं. जितकी मुलं पटावर, तितके पैसे. पट आणि अनुदान यांचं नातं या सभागृहातल्या शिक्षकांना समजावून सांगायला नको. आता कॅनडात त्याचा परिणाम काय झाला बघा. अनुदान मुळात तुटपुंजं. इमारत मोडकी, थंडी उणे तीस. मुख्याध्यापकाला खर्च भागवायचा तर पट भरलेला पाहिजे. मग आजारी मूल आलं तरी घ्यायचं. क्षय झालेलं मूल घरी पाठवलं तर पट एकाने कमी होतो, म्हणून ठेवून घ्यायचं. शयनगृहात पलंगाला पलंग लावलेले, थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद. क्षयाच्या जंतूला याहून काय हवं? यात कोणाला मुलं मारायची होती असं मानायचीही गरज नाही. गणितच असं मांडलं होतं, की प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं तरी मुलं मरतील.

हे गणित किती कमी पैशांचं होतं, त्याचा एक आकडा देतो. 1937 च्या आसपास निवासी शाळेतल्या एका मुलामागे सरकार वर्षाला सरासरी 180 डॉलर देत होतं. त्याच वेळी मॅनिटोबा प्रांतातल्या मूकबधिर शाळेत एका मुलामागे 642 डॉलर खर्च होत होते आणि मुलग्यांच्या सुधारगृहात 550. म्हणजे गुन्हा केलेल्या मुलावर जितका खर्च करायला सरकार तयार होतं, त्याच्या एक तृतीयांश खर्च मूलनिवासी विद्यार्थ्यावर. वंशभेद म्हणजे शिवी, वंशभेद म्हणजे थप्पड, असं आपण समजतो. हा 180 आकडा कोणाला शिवी देत नाही. तो अंदाजपत्रकात सभ्यपणे बसलेला असतो.

आता मी त्या माणसाकडे येतो, ज्याच्यामुळे हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर पीटर ब्राइस. सार्वजनिक आरोग्यातला तेव्हाचा नावाजलेला माणूस. 1904 मध्ये सरकारने त्यांना इंडियन खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी नेमलं. 1907 साली ते पश्चिमेकडच्या प्रेअरी प्रांतांतल्या शाळा बघायला गेले. पस्तीस शाळांना त्यांनी प्रश्नावली दिली: तुमच्या शाळेत आजवर किती मुलं आली, आज ती कुठे आहेत, कशी आहेत? उत्तरं आली फक्त पंधरा शाळांची. त्यांच्या पटावर 1,537 मुलं होऊन गेली होती. त्यांपैकी 24 टक्के मरण पावली होती. एका शाळेने, सस्कॅचवानमधल्या फाइल हिल्स शाळेने, पूर्ण आणि अचूक नोंद पाठवली. सोळा वर्षांत तिथून गेलेल्या मुलांपैकी 69 टक्के मुलं मेली होती. जिथे नोंद सगळ्यांत चांगली, तिथे आकडा सगळ्यांत भयंकर. मग ज्या वीस शाळांनी उत्तरच दिलं नाही, त्यांचं काय असेल?

ब्राइस यांनी नुसते आकडे दिले नाहीत. कारण सांगितलं: कोंदट शयनगृहं, आजारी आणि निरोगी मुलं एकत्र, दाखल करताना तपासणी नाही. उपायही सांगितला, आणि तो काही विलक्षण नव्हता: खिडक्या उघडा, गर्दी कमी करा, क्षयाची मुलं वेगळी ठेवा, शाळा चर्चकडून काढून सरकारने स्वतः चालवा. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ओटावाच्या वर्तमानपत्रात ही बातमी पहिल्या पानावर आली. सगळ्यांना कळलं.

आणि काही झालं नाही. अगदीच काही नाही असं म्हणता येणार नाही. 1910-11 मध्ये अनुदान थोडं वाढलं, प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय दाखल्याचा नियम आला. पण महायुद्धाच्या महागाईत ती वाढ विरघळली आणि नियम कागदावर राहिला. मुख्य शिफारस खर्चिक आहे आणि चर्चना रुचणार नाही, म्हणून बाजूला पडली.

खात्यात तेव्हा वर चढत होते डंकन कॅम्बेल स्कॉट. 1913 ते 1932 ते खात्याचे सर्वोच्च अधिकारी. हा माणूस कवी होता बरं का, कॅनडाच्या साहित्यात त्याला मानाचं स्थान आहे. 1914 मध्ये छापलेल्या एका लेखात स्कॉट यांनी स्वतः लिहिलं आहे, की या शाळांतून गेलेली निम्मी मुलं शिक्षणाचा उपयोग करायला जिवंत राहिली नाहीत असं म्हणणं वावगं ठरणार नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि लिहायला संकोचही नव्हता. 1920 मध्ये त्याच स्कॉट यांच्या पुढाकाराने इंडियन ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली: 7 ते 15 वयाच्या मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं. मूल पाठवलं नाही तर आईबापांना दंड, तुरुंग. संसदीय समितीपुढे त्यांनी हेतूही सांगितला: देशात एकही इंडियन वेगळा शिल्लक राहू नये, सगळे मुख्य समाजात विरघळून जावेत, म्हणजे मग इंडियन प्रश्नही नाही आणि इंडियन खातंही नाही.

ब्राइस यांच्याकडून इंडियन खात्याचं काम काढून घेतलं गेलं आणि 1921 मध्ये त्यांना निवृत्त केलं. 1922 मध्ये त्यांनी सगळी हकीकत एका छोट्या पुस्तिकेत छापली. तिच्या नावातच त्यांनी याला राष्ट्रीय गुन्हा म्हटलं आहे.

मी ब्राइस यांच्यावर इतका वेळ घालवला, कारण या विषयावर एक वाक्य हमखास येतं: 'त्या काळी लोकांचे विचारच तसे होते, आजच्या मापाने त्यांना मोजू नका.' ठीक आहे, नको मोजू या. त्या काळच्याच मापाने मोजू. ब्राइस त्याच काळातले, त्याच देशातले, त्याच सरकारच्या पगारावर. ते काही क्रांतिकारक नव्हते. मूलनिवासींना आपल्यात विरघळवावं याबद्दल त्यांचा फारसा वाद नव्हता. त्यांनी फक्त मुलं मोजली. खिडक्या उघडा हे त्या काळच्या वैद्यकाला माहीत होतं, आणि शहरांतल्या गोऱ्या मुलांच्या बाबतीत ते पाळलंही जात होतं.

पुढचा एक प्रसंग थोडक्यात सांगतो. 1948 ते 1952 या काळात सरकारच्या आहारतज्ज्ञांनी सहा निवासी शाळांतल्या सुमारे हजार मुलांवर प्रयोग केले. मुलं कुपोषित आहेत हे आधीच आढळलं होतं. पोर्ट अल्बर्नीच्या शाळेत मुलांना दूध गरजेच्या निम्म्याहून कमी मिळत होतं. तर ते लगेच वाढवलं नाही. दोन वर्षं तसंच ठेवलं, कारण तुलनेसाठी आधीची स्थिती नोंदवायची होती. काही ठिकाणी दातांवरचे उपचार थांबवले, हिरड्यांची निरीक्षणं बिघडू नयेत म्हणून. आईबापांना विचारलेलं नाही, मुलांना सांगितलेलं नाही. इयान मॉस्बी या इतिहासकाराने 2013 मध्ये हे जुन्या कागदांतून बाहेर काढलं. शाळेत भुकेली मुलं आयती एका जागी मिळतात, या पलीकडे त्या शास्त्रज्ञांना काही दिसलं नाही.

मुलं पळून जायची. खूप पळायची, आणि पोलीस आणून परत टाकायचे. त्यांतला एक मुलगा कॅनडात आज सगळ्यांना माहीत आहे. चॅनी वेंजॅक, ओजिब्वे मुलगा, उत्तर ऑन्टारियोतल्या ओगोकी पोस्टचा. शाळेने त्याचं चार्ली करून टाकलं होतं. केनोरा गावातल्या सिसिलिया जेफ्री या निवासी शाळेत तो होता. 16 ऑक्टोबर 1966 ला, बारा वर्षांचा असताना, तो तिथून निघाला. घर सहाशे किलोमीटर लांब. रस्ता माहीत नव्हता. रेल्वेचे रूळ धरून चाललं की कधीतरी घर येईल एवढंच. अंगात सुती जाकीट, खिशात काचेच्या छोट्या बाटलीत थोड्या काड्या. पाऊस, बर्फ. साताठ दिवसांनी रुळांच्या कडेला त्याचा मृतदेह आगगाडीच्या चालकाला दिसला. चौकशी झाली, पंचांनी म्हटलं की या शिक्षणपद्धतीमुळे मुलांवर मोठा मानसिक ताण येतो. 1967 च्या फेब्रुवारीत 'मॅक्लीन्स' या मासिकात इयान ॲडम्स यांनी त्याच्यावर लेख लिहिला तेव्हा शीर्षकातही नाव चार्लीच होतं. मेल्यावर त्याचं खरं नाव लोकांना कळायला आणखी वर्षं गेली.

यानंतरचा इतिहास भराभर सांगतो. 1990 च्या दशकात माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दावे लावले, हजारोंनी. 2006 मध्ये मोठी तडजोड झाली. 11 जून 2008 ला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. सत्य आणि समेट आयोग बसला. अध्यक्ष मरे सिंक्लेअर, स्वतः मूलनिवासी आणि न्यायाधीश. साडेसहा हजारांहून जास्त साक्षी झाल्या. 2015 मध्ये अहवाल आला, त्यात 94 शिफारशी आणि एक ठाम शब्दप्रयोग: सांस्कृतिक वंशसंहार.

मृत्यूंबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण इथे दोन्ही बाजूंनी सैल बोललं जातं. 2021 च्या मे महिन्यात कॅमलूप्सच्या जुन्या शाळेच्या आवारात जमिनीखालच्या रडारने सुमारे दोनशे संशयित थडग्यांच्या खुणा सापडल्याची बातमी आली. जगभर गाजली. रडारला हाडं दिसत नाहीत, माती कुठे हलवलेली आहे ते दिसतं. तिथे अजून उत्खनन झालेलं नाही. ते करायचं की नाही हे त्या समाजाने ठरवायचं आहे. यावरून काही मंडळी म्हणू लागली, की बघा, सगळं थोतांड. पण मृत्यू रडारवर अवलंबून नाहीत. आयोगाने सरकारच्या आणि चर्चच्याच कागदांवरून 2015 पर्यंत 3,200 मृत्यू नोंदवले होते. पुढे ती यादी चार हजारांच्या वर गेली. त्या 3,200 नोंदींत जवळजवळ एक तृतीयांश ठिकाणी मुलाचं नाव नाही. जवळजवळ एक चतुर्थांश ठिकाणी मुलगा की मुलगी हेही नाही. निम्म्या ठिकाणी कारण नाही. मृतदेह घरी पाठवणं खर्चाचं, म्हणून सहसा शाळेजवळच पुरत. आणि 1936 ते 1944 या काळात इंडियन खात्याच्या दोन लाख फायली रद्दीत गेल्या. कारस्थान म्हणून नव्हे, जागा होत नव्हती म्हणून. नंबर लिहायला वही होती, पण मेलेल्या मुलाचं नाव ठेवायला कपाटात जागा नव्हती.

हे सगळं संपलं का? शाळा संपल्या. हिशेब पूर्ण बदलला असं म्हणवत नाही. 2016 च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत मूलनिवासी 7.7 टक्के होते, पण सरकारी व्यवस्थेतून परक्या घरी वाढणाऱ्या मुलांत 52 टक्के. त्याच वर्षी जानेवारीत कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने निकाल दिला, की राखीव वस्त्यांतल्या मुलांच्या कल्याणसेवांना केंद्र सरकार कमी पैसा देतं आणि हा वंशाधारित भेदभाव आहे. तो लढा लढणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक डॉक्टर ब्राइस यांचं नाव आवर्जून घेतात. आणि चॅनीच्याच उत्तर ऑन्टारियोत, वस्तीत हायस्कूल नाही म्हणून आजही मुलांना शेकडो किलोमीटरवर थंडर बे शहरात परक्या घरी राहून शिकावं लागतं. 2000 ते 2011 या काळात अशी शिकायला आलेली सात मुलं मरण पावली, त्यांतली पाच नदीत सापडली. शाळा आता मूलनिवासींच्या स्वतःच्या संस्थेची होती, तिथे कोणी केस कापत नव्हतं, नाव बदलत नव्हतं. पण घराजवळ शाळा, जी दीडशे वर्षांपूर्वी करारात मागितली होती, ती अजून नव्हती.

ओटावात बीचवुड नावाची जुनी दफनभूमी आहे. ब्राइस तिथेच आहेत, आणि स्कॉटही तिथेच. पूर्वी स्कॉट यांच्या फलकावर ते कवी असल्याचा गौरव होता. 2015 मध्ये फलक बदलला, त्यात निवासी शाळांतली त्यांची भूमिका लिहिली. त्याच वर्षी ब्राइस यांचाही फलक लागला.

प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: सर, इंग्रजांनी आपल्याकडेही सोलापूरला सेटलमेंट केली होती. ती आणि ही एकच गोष्ट म्हणायची का?

उत्तर: चांगला प्रश्न आहे. साम्राज्य एकच, आणि विचारही एका घरातला. गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, म्हणजे कॅनडाच्या इंडियन ॲक्टच्या पाच वर्षं आधीचा. जन्माने माणूस गुन्हेगार, हे कायद्याचं गृहीत. 1897 च्या दुरुस्तीत तर चार ते अठरा वयाची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारवस्तीत ठेवण्याची तरतूद आली. वाक्यरचनाही ओळखीची वाटेल: आईबापांची संगत तोडली तरच मूल सुधारेल. पण फरकही आहे. आपल्याकडे मुख्य भर अख्ख्या कुटुंबाला तारेच्या कुंपणात आणून हजेरी घेण्यावर होता. सोलापुरात त्यांच्या श्रमांना गिरण्या होत्या. कॅनडात भर मुलांवर, आणि कुटुंब मागे ठेवण्यावर. आणखी एक. आपला कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, विमुक्त समाज तो दिवस पाळतात. पण त्याचा हिशेब मांडणारा, साक्षी घेणारा, कागद उघडणारा कॅनडासारखा आयोग आपल्याकडे झाला नाही. ते काम आपल्याकडे आत्मचरित्रांनी केलं आहे. ती वाचा.

प्रश्न: या शाळांपैकी एखादी तरी त्या लोकांनी स्वतःच्या हातात घेतली का?

उत्तर: घेतली. अल्बर्टात सेंट पॉल गावाजवळ ब्लू क्विल्स नावाची निवासी शाळा होती. 1970 मध्ये सरकारने ठरवलं, की ती बंद करून मुलांना गावातल्या सरकारी शाळेत घालायचं. त्या जुलैत आईबाप, आजी-आजोबा शाळेत येऊन बसले, हलायला तयार नाहीत. त्यांतल्या अनेकांनी लहानपणी त्याच इमारतीत मार खाल्ला होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की शाळा बंद करू नका, आमच्या ताब्यात द्या. सरकारला द्यावी लागली. मूलनिवासींनी स्वतः चालवलेली कॅनडातली ती पहिली शाळा. पुढे तिचं महाविद्यालय झालं, आता विद्यापीठ आहे. क्री आणि डेने या भाषा तिथे शिकवतात, जुन्याच इमारतीत.